शाहूनगरची त्राटिका

आमच्या घराण्यात ‘त्राटिका’ ही पदवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती मिळवायला मुलींना फारसे कष्ट पडत नसत. वडीलधाऱ्यांना एकदा उलट उत्तर दिले, किंवा लग्नाची बोलणी चालू असताना माजघराची कडी आतून लावून घेतली, की पदवीदान समारंभ उरकलाच म्हणून समजावे. माझ्या साताऱ्याच्या आत्याला ही पदवी वयाच्या बाराव्या वर्षी मिळाली आणि ती तिने शेवटपर्यंत मोठ्या अभिमानाने वागवली.

वाचक म्हणतील, त्राटिका तर रामायणातली. खरेच आहे. विश्वामित्रांच्या यज्ञाला त्रास देणारी आणि रामाच्या पहिल्याच बाणांना बळी पडलेली ती राक्षसी. पण रामायणातली त्राटिका अरण्यात राहत होती. तिला चार घरांच्या ओसरीवर आणून बसवली ती नाटकवाल्यांनी, असा माझा तर्क आहे. आणि त्या नाटकवाल्यांच्या मागे उभा होता तो थेट विलायतेचा शेक्सपिअर.

१८९० नंतरच्या दोनतीन वर्षांतली ही हकीगत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बाळकृष्ण केळकर नावाचे प्राध्यापक इंग्रजी शिकवीत. टिळकांबरोबर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांच्या कारभारातही त्यांचा वाटा होता. त्यांनी शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखान्तिकेचे मराठी रूपांतर केले, त्याला नाव दिले ‘त्राटिका’, आणि ते रंगभूमीवर गाजवले शाहूनगरवासी नाटक मंडळीने. शाहूनगर म्हणजे आमचा सातारा. थोरल्या शाहू महाराजांची ही राजधानी; राज्य गेले, पण नाव या मंडळीने गावोगावच्या जाहिरातींवर जिवंत ठेवले. मंडळी गद्य नाटके करणारी. पदांच्या पुरात सगळा महाराष्ट्र वाहत असताना नुसत्या बोलण्यावर थिएटर भरवायचे, म्हणजे नटाच्या गळ्यात आणि जिभेवर काय सामर्थ्य असले पाहिजे! ते सामर्थ्य गणपतराव जोश्यांपाशी होते. आज हॅम्लेट, उद्या तुकाराम, परवा त्राटिकेचा नवरा प्रतापराव. आणि त्राटिका कोण? तर बळवंतराव जोग. केळकरांनी या मंडळींना नाटक नुसते लिहून दिले नाही, कसे बोलावे आणि कसे उभे राहावे तेही शिकवले.

नावाची गंमत पाहा. इंग्रजीतला ‘श्रू’ हा मुळात एक प्राणी आहे. आपल्या न्हाणीघराच्या मोरीतून ये-जा करणाऱ्या चिचुंद्रीच्या जातीचा. कजाग बायकोला इंग्रज माणूस चिचुंद्री म्हणाला, आमच्या प्राध्यापकांनी तिची एकदम राक्षसी केली! बढतीच म्हणायची. पण दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मूळ नावात ‘टेमिंग’, म्हणजे माणसाळवणे, हा शब्द आधी येतो. मराठी नावातून तो गळून गेला आणि पाटीवर उरली एकटी ती. प्रेक्षक तिकीट काढत होते ते त्राटिकेचे, प्रतापरावाचे नव्हे.

या साऱ्याची मुळे मात्र साताऱ्याहून खाली, कृष्णेच्या काठाकाठाने, सांगलीला जातात. १८४३ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकात सूत्रधाराने पदे म्हणायची आणि सोंगांनी आपापल्या मगदुराप्रमाणे वेळेवर सुचेल ते भाषण करायचे, असा खाक्या होता. सीतेचे सोंगही अर्थात मुलग्यानेच घ्यायचे. लिहिलेले संवाद पाठ करून जसेच्या तसे बोलायचे, ही कल्पना पुढे छापील नाटकांबरोबर आली, आणि लोक त्यांना थोड्या कौतुकाने व थोड्या चेष्टेने ‘बुकिश’ नाटके म्हणू लागले. शेक्सपिअर मराठीत शिरला तो याच बुकिश दारातून. कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्मलेल्या आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ केले. सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहायला बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हॅम्लेट आणि यागो असावेत, हे नाटक वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. एकूण कृष्णाकाठच्या माणसांना शेक्सपिअरच्या शोकान्तिका अधिक मानवल्या. हसण्यासाठी देवल मोलिएरकडे गेले आणि त्यातून पुढे १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ झाले, ही आपल्या मराठी माणसांवरची मोठीच कृपा. म्हणून ‘त्राटिका’ वेगळी उठून दिसते.

पण ती कोणत्या वर्षांत लिहिली गेली तेही पाहिले पाहिजे. मूल असताना लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, आणि १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. मी तुरुंगात जाईन, असे त्या बाईने कळवले. प्रकरण पुढच्या वर्षी पैशांवर मिटले आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. पाठोपाठ १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. दहाचे वय बारावर नेण्यासाठी सबंध पुणे शहर दोन तट करून भांडले. याच सुमाराला, याच शहरात, एक प्राध्यापक ऐकत नाही अशी बायको आणि तिला वठणीवर आणणारा नवरा यांचे नाटक मराठीत आणीत होता. केळकरांच्या मनात काय होते त्याचा निवाडा मी करणार नाही. मात्र थिएटरात खदखदून हसणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांनी सकाळीच रखमाबाईंसारख्यांवरचे अग्रलेख वाचलेले असणार. ते हसणे निव्वळ निर्मळ होते, असे समजायला माझे मन घेत नाही.

माझ्या आजोबांनी गणपतरावांना पाहिले होते. नाटकाचा विषय निघाला की ते गणपतरावांखेरीज दुसऱ्याचे नाव घेत नसत. त्राटिकेला शेवटी काय वाटले असेल, असे आत्याने एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “तिला काय वाटायचंय? ती जोग होती!” हे उत्तर विनोदी खरे, पण त्यात एक मर्म आहे. शेक्सपिअरच्या लंडनातही बायकांची कामे पोरेच करीत. पुरुषाने पुरुषाला उपाशी ठेवले, पुरुषाने पुरुषाकडून सूर्याला चंद्र म्हणवून घेतले, तर पाहणारा म्हणतो, चालू द्या, सोंग आहे. खरी बाई तिथे उभी राहिली की सगळे अवघड होऊन बसते.

ते कसे अवघड होते आणि तरीही किती मजा येते, हे पाहायचे असेल तर फ्रँको झेफिरेल्लीचा १९६७ सालचा बोलपट पाहावा. तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होतो; नंतर पुण्याला गेलो असताना तो पाहिला. एलिझाबेथ टेलर त्राटिका, रिचर्ड बर्टन प्रतापराव. ही दोघे त्या वेळी खरोखरीची नवराबायको होती, आणि घरी त्यांचे कसे चालते याच्या बातम्या जगभर छापून येत होत्या. त्यामुळे पडद्यावर एखादे स्टूल भिरकावले गेले की प्रेक्षकाला वाटे, हे आजचे की कालच्या रात्रीचे? (याच नाटकावर १९२९ साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांनी बोलपट काढला होता, तेव्हा तीही नवराबायकोच होती. या नाटकाला लग्नाचा दाखला लागतो की काय कोण जाणे.)

बोलपट रंगांनी नुसता ओसंडतो. पादुआचे रस्ते, बाजार, जत्रेतली सोंगे, नीनो रोटाचे संगीत. बर्टन तिच्यामागे घरभर आणि छपरावरून धावतो आणि दोघे कौले फोडून खालच्या लोकरीच्या ढिगात कोसळतात, तो प्रसंग लहान मुलांना दाखवावा. पोट धरून हसतील. मला मात्र टेलरबाई गप्प असतात ती दृश्ये अधिक आवडतात. त्या नवऱ्याच्या धुळीने भरलेल्या घरात येतात आणि रडतबसण्याऐवजी झाडलोट काढतात. नोकरचाकर भराभर त्यांच्या बाजूला होतात. घर कुणाचे आहे हे बर्टनला जरा उशिराच उमगते.

आणि मग ते शेवटचे भाषण, मुळातल्या ४४ ओळींचे: नवरा हाच धनी, बायकोने त्याच्या पायाखाली हात ठेवावा, वगैरे. १९२९ च्या बोलपटात पिकफर्डबाई हे बोलताना बहिणीला डोळा मारतात आणि सुटका करून घेतात. टेलरबाई डोळा मारीत नाहीत. सरळ, मनापासून बोलतात. सगळा पंगतीचा दिवाणखाना गार पडतो. बर्टन विजयी मुद्रेने वळतो, तो बाई दारातून निघून गेलेल्या! मित्र हसताहेत आणि हे गृहस्थ गर्दीतून वाट काढीत तिच्यामागे पळताहेत. झेफिरेल्लीने हे साधले. उत्तम रूपांतर म्हणतात ते हेच, असे माझे मत आहे.

२००५ च्या दिवाळीत मी साताऱ्याला हा बोलपट घेऊन गेलो. आत्या तेव्हा ऐंशीची. बारा वर्षांची असताना शाळा सोडणार नाही म्हणून तिने दोन दिवस जेवण टाकले होते. पदवी मिळाली ती त्यावरच. पुढे तिने एकतीस वर्षे मास्तरकी केली. फराळाचे ताट मांडीवर घेऊन तिने सगळा बोलपट पाहिला, छपरावरच्या पळापळीला चिवडा सांडेपर्यंत हसली. पण नवरा ताटातले अन्न फेकतो तिथे तिचा हात ताटातच थांबला. शेवटचे भाषण झाल्यावर ती म्हणाली, “उपाशी माणूस काहीही कबूल करतं रे. मी नाही केलं, कारण आई चोरून दूधभात देत होती.”

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. आजोबांच्या हुकमाविरुद्ध आजी दूधभात देत होती, ही बातमी घरात अडुसष्ट वर्षांनी फुटली.

मी तिला म्हटले, शेक्सपिअर हयात असतानाच, १६११ च्या सुमारास, जॉन फ्लेचर नावाच्या नाटककाराने याचा पुढचा भाग लिहिला आहे. पहिली बायको वारल्यावर हाच नवरा दुसरे लग्न करतो. ती माडीवर कोठीसामान घेऊन चढते, आतून दार लावून घेते आणि त्याला पुरता वठणीवर आणते. गावातल्या बायका तिला येऊन मिळतात.

आत्याने डोळे पुसले, चष्मा नीट बसवला आणि विचारले, “मग आमच्या शाहूनगरवासींनी ते का नाही लावलं?”

“बहुतेक जोगांना झेपलं नसतं,” मी म्हणालो.

“जोगांना झेपलं असतं,” आत्या म्हणाली. “बाबांना झेपलं नसतं. लाव तो छपराचा भाग पुन्हा.”