तळटीप : जॉर्जिना बायर
जॉर्जिना बायर (१९५७–२०२३) : जगातील पहिल्या उघडपणे पारलिंगी खासदार म्हणून त्यांची नोंद होते; पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे आहे. १९९५ मध्ये न्यूझीलंडमधील कार्टरटन या लहानशा गावाने त्यांना महापौर केले. १९९९ मध्ये मजूर पक्षातर्फे त्यांनी वायरारापा जिंकला. हा मतदारसंघ शेतकऱ्यांचा, त्याआधी नॅशनल पक्षाकडे असलेला. नवलाईपोटी मते पडली, असे म्हणावे तर २००२ मध्ये तेच मतदार आणखी मोठ्या मताधिक्याने त्यांच्या पाठीशी का उभे राहिले? त्यांनी वेश्याव्यवसायातील आपल्या पूर्वायुष्याचे भांडवल केले, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु २००३ च्या वेश्याव्यवसाय सुधारणा विधेयकावर बोलताना, त्या धंद्यात स्वतः सोसलेला बलात्कार आणि विशी गाठण्याआधीच मेलेल्या सोबतिणी त्यांनी सभागृहापुढे मांडल्या. हे भांडवल नव्हे, साक्ष होती. आणि कायदा करणाऱ्यांत अशी साक्ष देऊ शकणारे दुसरे होते तरी कोण? विधेयक ६० विरुद्ध ५९ मतांनी संमत झाले. २००४ मध्ये मात्र, किनारपट्टीच्या मालकीवरील माओरींचे दावे रोखणाऱ्या विधेयकावर, माओरी वंशाच्या बायर यांना मन मारून पक्षाबरोबर मत द्यावे लागले.