तार, भाव आणि भाकीत : वऱ्हाडच्या कापूसबाजाराची दीडशे वर्षं

टेलिकॉम कंपन्यांनी दर वाढवले, की दुसऱ्या दिवशी पेपरात विश्लेषकांची मतं येतात. एका ग्राहकामागे कंपनीला महिन्याला किती मिळतं, किती मिळायला हवं, बाजारात कोण तगेल, असा तो हिशेब असतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हाही आपण हे वाचलं. आज आपल्याला बघायचं आहे ते एवढंच : बातमी वाहून नेणारं साधन बदलतं तेव्हा जाणकार काय सांगतात, आणि पुढे प्रत्यक्षात काय होतं. त्यासाठी लांब जायला नको. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा एवढा मुलूख पुरेसा आहे.

सुरुवात १८६१ पासून करू. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून सगळ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेलंच होतं. भाव चढले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, मोठमोठ्या पेढ्या बसल्या. नेमक्या त्याच वर्षी इराणच्या आखातातून हिंदुस्थान युरोपशी तारेने जोडला गेला. सुरुवातीला वीस शब्दांच्या तारेला पाच पौंड पडत. म्हणजे बघा, बातमी आली, पण ती कोणाला परवडणार हे त्या दरानेच ठरवून टाकलं. १८६६ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कचेरी उघडली. १८७० मध्ये समुद्राखालची तार थेट मुंबईला पोचली.

इकडे जी.आय.पी. रेल्वे वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. मार्च १८७० मध्ये जलंब–खामगाव फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. मोठ्या लाटसाहेबाने आठ मैलांच्या रुळांसाठी इतका प्रवास का करावा? कारण खामगाव ही कापसाची जबरदस्त मोठी पेठ होती.

त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते हॅरी रिव्हेट-कारनॅक. आजच्या भाषेत त्यांना उद्योग-विश्लेषक म्हणायला हरकत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आता लिव्हरपूलच्या भावातली हालचाल खामगावच्या बाजारात लगेच जाणवेल, तारेने मागणी येईल आणि काही आठवड्यांत गाठी विलायतेच्या धक्क्यावर उतरतील. हे भाकीत खरं ठरलं. त्याच्या जोडीला आणखी एक आशा होती, की अंतर मिटलं म्हणजे मधली माणसं गळतील आणि विलायती पेढी थेट कास्तकाराशी व्यवहार करील. ही आशा मात्र फळाला आली नाही.

का नाही आली? व्होलकार्ट, रॅली अशा पेढ्यांचे एजंट वऱ्हाडात आले, जीन आणि प्रेस उभ्या राहिल्या. पण तार एजंटच्या टेबलावर यायची, तीही बहुधा सांकेतिक शब्दांत. कारण पैसे शब्दावर मोजले जात आणि शेजारच्या पेढीला काही कळू द्यायचं नसे. तार ही खाजगी बातमी. बाजारात तर अनेक ठिकाणी रुमालाखाली बोटं धरून सौदा होई. सातासमुद्रापलीकडचा भाव अडत्याला ठाऊक, आणि दोन हातांवर उभ्या असलेल्या कास्तकाराला आपल्याच गाडीचा भाव ठाऊक नाही!

समजा त्याला तो कळला असता, तर? इथेच खरी मेख आहे. पेरणीला, बियाण्याला, सारा भरायला सावकाराचं कर्ज काढलेलं असे. पीक घरात आलं की विकणं भाग. भाव कळणं वेगळं आणि भाव येईपर्यंत माल धरून ठेवण्याची ऐपत असणं वेगळं. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी हे फार क्रूरपणे दाखवलं. रेल्वे होती, तार होती, धान्य बाहेरून आणता येत होतं. पण विकत घ्यायला गरिबाच्या हातात पैसा नव्हता.

थोडा फरक पडला तो कायद्याने. कापसाची नियंत्रित बाजारपेठ देशात पहिल्यांदा कारंज्याला झाली, १८८६ मध्ये. पाठोपाठ १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. वजनमाप, दलाली, बाजाराची जागा यांना नियम लागले. समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचंच राहिलं हे खरं, तरी भाव उघड करण्याची वाट इथून सुरू झाली.

वर्तमानपत्रांचं काय? अकोल्याचं ‘वऱ्हाड समाचार’, अमरावतीचं ‘प्रमोदसिंधु’ ही एकोणिसाव्या शतकातली साप्ताहिकं. आठवड्याच्या पत्राला रोजच्या भावाशी शर्यत लावणं जमणारच नव्हतं. यवतमाळला १९१८ मध्ये बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ सुरू केलं; त्या नावाचं दैनिक नागपुरातून निघालं ते १९७१ मध्ये. त्याआधी १९४८ मध्ये नागपूरला आकाशवाणी आली. बाजारभाव रेडिओवर ऐकू येऊ लागले, आणि ही बातमी पहिल्यांदाच फुकट, सगळ्यांना एकाच वेळी मिळू लागली.

मग आला मोबाईल. १९९५ मध्ये परवाने वाटले गेले तेव्हा महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा होता. म्हणजे अकोला आणि पुणे एकाच परवान्यात. कंपन्या दोन : बिर्ला–एटी अँड टी आणि बीपीएल. बोली इतक्या फुगवलेल्या होत्या, की कंपन्यांना परवाना शुल्क झेपेना. शेवटी १९९९ च्या दूरसंचार धोरणात उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आली. जाणकारांचे अंदाज कागदावर राहिले. आज ती दोन्ही नावं नाहीत. एकीची आयडिया झाली, दुसरी हच आणि मग व्होडाफोन, आणि २०१८ मध्ये दोन्ही एकत्र!

खेड्यातल्या माणसासाठी मोठी तारीख वेगळीच. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. त्या दिवसापासून मिस्ड कॉल ही गरिबाची तार झाली. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली तेव्हा आपल्यापैकी कितीकांच्या ते लक्षातही आलं नाही. २०१६ मध्ये जिओ आलं, आणि आता तर बाजार समितीचा भाव सकाळीच व्हॉट्सॲपवर येतो.

केरळच्या किनाऱ्यावर अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी एक अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाईल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले. बंदराबंदरांतली भावाची तफावत घटली, मासळी वाया जाणं थांबलं. हे उदाहरण बरोबरच आहे. पण त्या मच्छीमाराला होडी वळवता येत होती. ज्याने बियाण्यासाठी अडत्याकडून उचल घेतली आहे, त्या कास्तकाराला गाडी वळवता येते का?

म्हणून आम्हाला वाटतं, विश्लेषकांचा हिशेब चुकीचा नसतो, अपुरा असतो. ते तार मोजतात, टॉवर मोजतात, ग्राहक मोजतात. तारेच्या टोकाला बसलेल्या माणसावर कर्ज किती आहे, हा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो. वऱ्हाडचा इतिहास सांगतो, की बातमी स्वस्त झाल्याने फायदा होतो. पण तो आधी त्याला होतो, ज्याला थांबणं परवडतं.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घरी जुन्या अडतीच्या वह्या असतील, पेढीवर आलेल्या तारा असतील. रद्दीत घालू नका. हा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहायला त्याच लागणार आहेत.