मृत्यू आणि अंतिम न्याय यांमधला काळ

ख्रिस्ती परलोकविचार स्वर्ग आणि नरक या दोन शब्दांत मावत नाही. त्याचा पाया देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेत आहे: काळाच्या अखेरीस मृत सदेह उठतील आणि सर्वांचा न्याय होईल. मग आज मेलेल्या माणसाचा आत्मा त्या दिवसापर्यंत कोणत्या अवस्थेत असतो? पंथापंथांतले परलोकविषयक मोठे मतभेद याच प्रश्नातून उभे राहिले.

या प्रश्नावर एका पोपलाही माघार घ्यावी लागली. अंतिम न्यायापूर्वी संतांच्या आत्म्यांनाही देवाचे साक्षात दर्शन घडत नाही, असे पोप जॉन बाविसावे यांनी १३३१ मध्ये आव्हिन्यों येथील प्रवचनांत मांडले. पॅरिसच्या धर्मपंडितांनी ते खोडून काढले आणि १३३४ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी पोपनी ते मत मागे घेतले. पुढचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये निर्णय दिला: शुद्ध आत्म्याला मृत्यूनंतर लगेच देवदर्शन घडते, महापापात मेलेला लगेच नरकात जातो, तरीही अखेरच्या दिवशी सर्वजण सदेह ख्रिस्तासमोर उभे राहतील. अशा रीतीने मृत्यूसमयी एकेकट्याचा आणि अखेरीस साऱ्यांचा, असे दोन न्याय ठरले.

देवाच्या कृपेत मेलेला, पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा कॅथलिक मतानुसार पर्गेटरी या शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जातो. ल्यों (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) येथील धर्मपरिषदांनी ही शिकवण पक्की केली. तिचा एक आधार कॅथलिक बायबलमधील मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडतात. तेव्हा त्यांचा सेनानी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून त्यांच्या पापांसाठी बलिदान व्हावे म्हणून ती यरुशलेमला पाठवतो. प्रॉटेस्टंट हा ग्रंथ प्रमाण मानत नाहीत. तारण केवळ कृपेने व विश्वासाने होते, जिवंतांच्या अर्पणाने मृताची स्थिती पालटत नाही, ही त्यांची भूमिका. ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी प्रार्थना करते, पण शुद्धीकरणाच्या अग्नीची कल्पना नाकारते.

नरकाची मुख्य शिक्षा १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार देवापासून कायमचा दुरावा ही आहे. प्रेम सक्तीचे नसेल, तर नकाराची मुभाही खरी असली पाहिजे, हा त्यामागचा युक्तिवाद.

एखाद्या पंथाची परलोककल्पना त्याच्या अंत्यविधीत आणि मृतांच्या स्मरणात सर्वांत स्पष्ट दिसते. वसईचा कॅथलिक २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण करतो. प्रॉटेस्टंट अंत्यविधीच्या उपासनेत मृताच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतात. दोघांचीही आशा पुनरुत्थानावरच उभी आहे. म्हणून ख्रिस्ती परलोकविचार समजून घेताना नरकाच्या भयापासून नव्हे, या आशेपासून सुरुवात करावी.