समूहनिर्मिती, समाजसंपर्क संकेतस्थळांवरील

परस्परांस प्रत्यक्ष न ओळखणाऱ्या, परंतु आवड, अडचण, मत किंवा मूळ गाव यांपैकी काही समान असलेल्या व्यक्ती समाजसंपर्काच्या संकेतस्थळांवर एकमेकींस सापडून त्यांचा नवा समूह सिद्ध होण्याची व वाढण्याची प्रक्रिया. व्यक्तीची माहिती आणि तिच्या स्नेह्यांची यादी एकत्र मांडण्याची सोय ‘सिक्सडिग्रीज’ या अमेरिकी संकेतस्थळाने १९९७ मध्ये केली होती. मात्र समूहांना खरा बहर आला तो २००४ मध्ये निघालेल्या ऑर्कुट व फेसबुक यांच्या काळात.

भारतात एखादी संस्था रीतसर नोंदवावयाची तर १८६० च्या कायद्यान्वये किमान सात इसम लागतात, आणि नियमावली, दफ्तर, वर्गणी व हिशेब यांचा खटाटोप त्यापुढे सुरू होतो. संकेतस्थळावर मात्र एकच इसम समूहास नाव देऊन मोकळा होतो व उरलेले सहा त्याला नंतर शोधीत येतात. ज्यांची आवड इतकी विरळ, की एका शहरात तिचे चार चाहतेही मिळू नयेत, त्यांना या क्रमबदलाचा लाभ सर्वाधिक झाला. नवी वार्ता व नव्या संधी निकटच्या आप्तेष्टांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडूनच अधिक येतात, कारण त्यांचे वर्तुळ आपल्याहून निराळे असते, असे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रतिपादिले होते. एरवी विस्मरणात गेली असती अशी हीच तोंडओळख ही संकेतस्थळे जतन करतात.

समूह वाढतो कसा, हे ऑर्कुटवर स्पष्ट दिसे. गूगलमधील तुर्की अभियंता ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांनी उभारलेल्या या संकेतस्थळावर प्रारंभी निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता. सदस्य ज्या ज्या समूहांत असे, त्यांची नावे त्याच्या पानावर झळकत. ती पाहून त्याचा स्नेही आत शिरे, आणि त्या समूहाच्या पानावर मांडलेली संबंधित समूहांची नावे त्याला आणखी पुढे नेत, त्यामुळे सदस्यत्व हीच समूहाची जाहिरात ठरे. ब्राझील व भारत हे ऑर्कुटचे मुख्य प्रदेश. महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, सह्याद्रीतील दुर्गभ्रमंतीचे हौशी आणि परदेशस्थ मराठी मंडळी यांचेही समूह तेथे होते. केवळ नाव मिरविण्यासाठी घेतलेले सदस्यत्वही पुष्कळ असे, हे नमूद केले पाहिजे.

राजकीय हेतूने जन्मलेल्या समूहाचे ठळक उदाहरण कोलंबियातील आहे. फार्क या सशस्त्र बंडखोर संघटनेने, ओलीस क्लारा रोहास यांच्या बंदिवासात जन्मलेल्या इमॅन्युएल या बालकाची सुटका करण्याचे आश्वासन दिले असता, ते मूल मुळी संघटनेच्या ताब्यातच नसून बोगोटातील सरकारी देखरेखीत असल्याचे उघडकीस आले. या फसवणुकीच्या संतापात बारांकिया येथील अभियंता ऑस्कर मोरालेस यांनी जानेवारी २००८ च्या प्रारंभी, फेसबुकची स्पॅनिश आवृत्तीही निघालेली नसताना, ‘फार्कविरुद्ध दहा लाख आवाज’ या अर्थाच्या नावाने समूह काढला. आणि तो झपाट्याने वाढून ४ फेब्रुवारी २००८ रोजी कोलंबियात व परदेशांतील अनेक शहरांत लक्षावधी लोक रस्त्यावर आले. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व सरकार यांनी नंतर या मोर्चाला भरघोस साहाय्य दिले, तेव्हा सारे श्रेय संकेतस्थळास देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दिवस ठरविण्याचे व परदेशस्थ कोलंबियनांना जोडण्याचे काम समूहातच झाले.

वाढीची सुलभता सर्वस्वी निर्दोष नाही. फेसबुकने ऑक्टोबर २०१० मध्ये समूहांची जी नवी रचना आणली, तीत स्नेह्याने परस्पर नाव घातले की मनुष्य विनासंमती सदस्य होई, आणि ही रीत अनेकांस रुचली नाही. समूह मोठा झाला की अपप्रचार व वितंडवाद यांना आवर घालणारे व्यवस्थापक लागतात. हे काम बहुधा बिनमोबदला असते, आणि ते करणारा थकला की हजारोंचा समूह नुसता नामधारी उरतो. शिवाय नोंदणीकृत संस्थेस कायद्याने जे पृथक अस्तित्व लाभते, ते येथे नाही : गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद केले, तेव्हा जाहीर समूहांतील लेखन काही काळ वाचनार्थ उपलब्ध ठेवण्यात आले, पण त्यात नवी भर घालण्याची मुभा कोणासही नव्हती.