रंगाआधी करडा

बाभुळगावचा परिसर कापसाचा. कापसावर ‘लाल्या’ आला की पाने कडेपासून लाल होऊ लागतात. अशी छायाचित्रे वर्गात संगणकावर दाखवायची झाली, तर एक शंका येते: ही लाली पानाची की मॉनिटरची?

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते कृष्णधवल. भारतात रंगीत प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. पडद्याची पारख करण्यासाठी स्थिर चाचणीचित्रे असत. त्यांतील एक जगप्रसिद्ध चित्र फिलिप्सच्या डेन्मार्कमधील प्रयोगशाळेत फिन हेंडिल यांनी १९६६-६७ मध्ये आखले. त्यातले वर्तुळ लंबगोल दिसले की प्रमाण चुकले, बारीक रेघा मिसळल्या की तपशील हरवला. रंगीत पट्टेही होतेच. पण जाणता मेकॅनिक आधी रंगाचे बटण शून्यावर आणी आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पायऱ्या पाही. करडा गुलाबी किंवा हिरवट दिसला, की पिक्चर ट्यूबमधील लाल, हिरवा व निळा यांच्या तीन झोतांचा समतोल ढळलेला असे. तो साधल्याशिवाय रंगाला हात लावणे व्यर्थच.

पिक्चर ट्यूब गेली, क्रम मात्र टिकला. साध्या मॉनिटरवर प्रत्येक मूळ रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. रंगजुळणीचे सॉफ्टवेअर बहुधा पडद्याकडे जाणारे आकडेच बदलते. निळा जास्त म्हणून २५५ चे २२० केले, तर २५६ छटा २२१ पायऱ्यांत कोंबाव्या लागतात. काही शेजारी छटा एक होतात आणि मोकळ्या आकाशाच्या चित्रात पट्टे उमटतात. जे पॅनेलमध्ये मुळातच नाही, ते सॉफ्टवेअर आणणार कुठून?

तेव्हा जुळणीआधी परीक्षा घ्यावी. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नये. काळ्यावर किंचित उजळ आणि पांढऱ्यावर किंचित मळकट चौकोन काढून ते वेगळे ओळखू येतात का पाहावे. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सलग पट्टा: त्यात टप्पे किंवा रंगाची झाक नको. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर कोपरे अंधारे दिसतात का, तेही पाहावे. शेवटी शेवटच्या बाकावर, कडेला जाऊन बसावे. स्वस्त पॅनेलचे रंग तिरकस पाहताना बदलतात, आणि त्यावर कोणतीही जुळणी चालत नाही. मुलांनाच समोर बसवावे लागते.