ठाण्याला पाठवा

आमच्या कल्याण-डोंबिवलीकडं कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक म्हणतात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ पुण्याकडं येरवडा म्हणतात. चाळीत आम्ही पोरंही म्हणायचो. मी तर जास्तच. पंचविसाव्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा पहिली शिवी मीच मला घातली. तोंडपाठच होती. अमेरिकेत ब्रूस लिंक यांनी १९८९ साली हेच मांडलं: माणूस आजारी पडण्याआधीच वेड्याबद्दलचं जगाचं मत शिकतो, पुढं तेच स्वतःला लावतो.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पण भिंतींपेक्षा तिथं जायची वाट बघा. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्यात भटकणाऱ्या वेड्याला पोलिसानं धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, मग हुकूम घेऊन आत. गुन्हा काही नाही, वाट मात्र चोराची. इंग्रज गेले, कायदा राहिला. १९८७ चा नवा कायदा लागू झाला तो १९९३ साली. ८१ वर्षं आजार आणि पोलीस एका कागदावर. शरम ही अशी सरकारी रस्त्यानं घरात आली.

खुणेचं हे प्रकरण आपल्याला नवं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. त्यांची नातवंडं आम्ही. डोंबिवलीत खोली घेताना मालकानं आडनाव विचारलं, घाम फुटला, पण खरं सांगितलं. गोळ्यांचं मात्र चार वर्षं कुणाला बोललो नाही. बनियनमध्ये गुंडाळून ट्रंकेत. दोनदा मीच बंद केल्या. का? गोळ्या खातो तो वेडा, मी थोडाच वेडा! दोन्ही वेळा पडलो. दुसऱ्यांदा नोकरी गेली.

२०१७ च्या कायद्यात लिहिलंय, मानसिक आजार ठरला म्हणून माणूस आपोआप अस्थिर बुद्धीचा ठरत नाही, ते कोर्टानं वेगळं ठरवावं लागतं. हे कलम मी दोनदा वाचलं. कोर्टाआधी माझा निकाल मीच देऊन बसलो होतो.

तपासणीच्या दिवशी मी मुलुंडचं तिकीट काढायचो आणि ठाण्याला उतरायचो. कुणी विचारलंच तर मुलुंड. मागल्या महिन्यात डब्यात जुना दोस्त भेटला. ‘कुठं रे?’ म्हणालो, ‘ठाण्याला.’ तो खदखदून हसला. मी म्हणालो, ‘तिथंच. डॉक्टरांकडं.’ त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. मग मुंब्रा येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मुंब्रा गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, ‘भावाला दाखवायचंय. कागद काय काय लागतात?’