जीवनानुकरण खेळ : घराची निवड व प्रारंभ

संगणकाच्या पडद्यावर काल्पनिक व्यक्तींचे दैनंदिन जीवन चालविण्याचा एक खेळप्रकार. इंग्रजीत तो ‘लाइफ सिम्युलेशन’ या नावाने ओळखला जातो. शत्रूचा पाडाव किंवा शर्यतीतील विजय यांसारखे अंतिम उद्दिष्ट या खेळात सामान्यतः नसते. पात्राने राहण्याची सोय करावी, उदरनिर्वाहाचे साधन शोधावे, शेजाऱ्यांशी संबंध जोडावेत व दिवस मार्गी लावावा, हाच त्याचा आशय होय. त्यामुळे खेळणाऱ्यापुढील पहिला प्रश्न बहुधा घराचा असतो. घर आयते दिलेले आहे, विकत घ्यावयाचे आहे, कर्जाने मिळाले आहे की वारसाने आले आहे, यावर पुढील खेळाचे स्वरूप अवलंबून राहते. या प्रकाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी या चार पर्यायांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : लहान आकाराचा संसार मांडून खेळण्याची प्रवृत्ती पुरातन व सार्वत्रिक आहे. मराठी मुलांची भातुकली हे तिचे परिचित उदाहरण. यूरोपात सोळाव्या शतकापासून बाहुलीघरे तयार होऊ लागली. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७-५८ च्या सुमारास करवून घेतलेले बाहुलीघर हे त्यांपैकी एक आद्य उदाहरण होय. ॲम्स्टरडॅम येथील पेट्रोनेला ऑर्टमन हिचे सतराव्या शतकाच्या अखेरीचे बाहुलीघर तेथील राइक्स संग्रहालयात आहे. अशी घरे मुख्यतः श्रीमंतांच्या वैभवप्रदर्शनासाठी असत. बाहुल्यांनी घर सजविले जाई. पण त्यांना भूक लागत नसे किंवा भाडे भरावे लागत नसे. संगणकाने भर घातली ती या दुसऱ्या बाजूची.

आरंभीचा टप्पा : रिच गोल्ड यांच्या मूळ कल्पनेवरून डेव्हिड क्रेन यांनी रचलेला ‘लिटल कंप्यूटर पीपल’ हा खेळ ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उभा छेद दिल्याप्रमाणे एक तीन मजली घर दिसते. आरंभी ते रिकामे असते. काही वेळाने एक गृहस्थ येतो, खोल्यांची पाहणी करतो व आपल्या कुत्र्यासह तेथे राहू लागतो. येथे घराची निवड रहिवासी करतो, खेळणारा नव्हे. खेळणाऱ्याने त्याला अन्नपाणी पुरवावे व टंकलिखित सूचना कराव्यात, एवढेच काम उरते.

‘द सिम्स’ : या प्रकाराला निश्चित रूप दिले ते विल राइट (१९६० – ) या अमेरिकन खेळरचनाकाराने. ‘सिमसिटी’ या त्याच्या १९८९ मधील खेळात खेळणारा नगर वसवीत असे. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर भीषण आग लागली. तीत २५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सु. तीन हजार निवासस्थाने भस्मसात झाली. राइट याचे घरही त्यांत होते. संसार शून्यातून पुन्हा उभारताना कोणती वस्तू आधी घ्यावी व ती कशासाठी हवी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. त्यातून नव्या खेळाच्या कल्पनेला चालना मिळाली. वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) या ग्रंथाचाही त्याच्यावर प्रभाव होता. मूळ योजनेत खेळणाऱ्याने घर रचावे आणि आतील माणसांच्या वावरावरून त्या रचनेची गुणवत्ता ठरावी, असे होते. पुढे घरापेक्षा माणसेच अधिक लक्ष वेधू लागली. ‘बाहुलीघर’ या अर्थाच्या नावाने चाललेल्या या कामाला राइट याच्या मॅक्सिस कंपनीत प्रारंभी फारसा पाठिंबा नव्हता. १९९७ मध्ये ही कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली व ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ प्रसिद्ध झाला.

या खेळात प्रत्येक नव्या कुटुंबाला २०,००० सिमोलियन (खेळातील चलन) मिळतात. त्यांतून रिकामी जागा घेऊन घर बांधता येते किंवा तयार घर विकत घेता येते. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते. मोठ्या घरावर सारी रक्कम खर्च केल्यास शीतकपाट, पलंग, चूल व शौचकूप यांसाठी काही उरत नाही. पात्रांच्या गरजा आठ मानल्या आहेत : भूक, आराम, स्वच्छता, मलमूत्रविसर्जन, ऊर्जा, मनोरंजन, सहवास व परिसराची प्रसन्नता. यांपैकी एक जरी दुर्लक्षित राहिली, तरी पात्राची मनःस्थिती बिघडते व कामातील बढती अडते. म्हणून दोनच खोल्यांचे घर, पण त्यात बऱ्यापैकी पलंग, हा प्रारंभ अधिक लाभदायक ठरतो. कारण चांगल्या पलंगावर झोप लवकर पुरी होते आणि वाचलेला वेळ इतर गरजांना मिळतो. नोकरी दारी येणाऱ्या वृत्तपत्रातून शोधावी लागते. ठराविक दिवसांनी देयके येतात. ती थकल्यास वसुली अधिकारी घरातील वस्तू उचलून नेतो. स्वयंपाकात अकुशल पात्राकडून आग लागण्याचा संभव असतो. धूरसूचक यंत्र बसविलेले असल्यास अग्निशामक दल आपोआप येते. खेळाच्या उगमाशी असलेली आग अशा रीतीने खेळातही शिरली आहे.

या खेळाने उपभोगवादाचा पुरस्कार केला, असा आक्षेप घेतला गेला. राइट याचे म्हणणे याच्या उलट होते : वेळ वाचविण्याच्या आशेने घेतलेल्या वस्तू बिघडतात, दुरुस्ती व सफाई मागतात आणि अखेर मालकाचाच वेळ खातात. मोठे घर झाडताना दिवस संपतो, याचा प्रत्यय खेळणाऱ्यास लवकरच येतो. आक्षेपास अधिक आधार आहे तो दुसऱ्या बाबतीत. प्रत्येक कुटुंबास सारखेच भांडवल मिळते व पैसा असल्यास कोणतीही जागा कोणासही मिळते. प्रत्यक्ष समाजात घर मिळण्याच्या आड येणारे भेद येथे नाहीत. भाड्याने घर घेण्याची सोयही मूळ खेळात नव्हती. ती ‘द सिम्स २’ (२००४) च्या ‘अपार्टमेंट लाइफ’ या २००८ मधील पुरवणीत आली.

जपानमधील परंपरा : जपानी खेळांत घराचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. यासुहिरो वादा यांच्या ‘बोकुजो मोनोगातारी’ (१९९६) मध्ये नायकाकडे आजोबांची ओसाड पडलेली शेती येते. घर तयार असते. श्रम जमिनीवर करावयाचे असतात. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेल्या ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) मध्येही आजोबांच्या वारशाचाच प्रारंभ आहे. निन्टेन्डोच्या ‘दोबुत्सु नो मोरी’ (२००१) मध्ये परगावी आलेला एकटा प्रवासी चार लहान घरांपैकी एक निवडतो. जवळचे पैसे अपुरे पडतात, म्हणून गावातील दुकानदाराकडे काही काळ काम करून तो ऋणाचा प्रारंभीचा भाग फेडतो. या ऋणास व्याज नाही व मुदतही नाही. खेळाचे रचनाकार कात्सुया एगुची हे नोकरीसाठी आप्तेष्टांना सोडून चिबाहून क्योटोला गेले होते. त्या एकटेपणाच्या अनुभवातून त्यांना ही कल्पना सुचली. याच मालिकेतील २० मार्च २०२० रोजी आलेल्या खेळात प्रारंभ निर्जन बेटावरील तंबूपासून होतो. महामारीमुळे असंख्य लोक त्या वेळी घरात अडकले होते व त्यांनी या खेळास मोठा प्रतिसाद दिला.

‘द सिम्स’ चे तिसरे रूप २००९ मध्ये व चौथे २०१४ मध्ये आले. चौथ्याचा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य झाला. पात्रांचे वार्धक्य, आनुवंशिक गुण, अखंड नगर अशी भर या काळात पडत गेली. तथापि प्रारंभीच्या हिशेबात मूलतः फरक पडला नाही. चौथ्या खेळातही एकट्या पात्रास २०,००० सिमोलियनच मिळतात आणि त्यांतील किती भिंतींना द्यावयाचे व किती जगण्यास, हे खेळणाऱ्यास पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.